चौदा पाठमोरी माणसं

आधीच सांगून ठेवते, माझ्या नाकावर राग असतो. शांत माणसाची गोष्ट शांत माणसानंच सांगावी असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी खुशाल वहिनीला विचारावं. पण ती सांगायची नाही. काही विचारलं की हसते आणि हातातलं काम पुढे ओढते. म्हणून मी सांगते, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बारा वर्षांपूर्वी आमच्या घरात आली तेव्हा एका पिशवीत कपडे होते नि दुसरीत शिंप्याचे चपटे खडू. शिंप्याचीच लेक ती. वडिलांच्या दुकानात कापडावर खुणा करता करता मोठी झाली. कापडावर रेघ एकदाच मारायची असते, चुकली तर कापड वाया. त्यामुळे हिची रेघ एकदा उठली की उठली, खोडणं नाही, गिरवणं नाही. आणि मापं घेऊन घेऊन माणूस तिला चेहऱ्यापेक्षा पाठीवरून आधी कळतो. रस्त्यानं जाताना म्हणेल, “वन्सं, त्या बाईंचा डावा खांदा बघ कसा उतरलाय, रोज जड पिशवी उचलत असणार.” मला चिडवायचं असलं की ती ‘वन्सं’ म्हणते. मी म्हणते, अगं बाई, खांदे नंतर बघ, आधी चेहरा बघून ओळख तरी दे, नाहीतर म्हणतील मास्तरांची सून शिष्ट आहे!

मास्तर म्हणजे आमचे आप्पा. चाळीस वर्षं गणित शिकवलं. अजूनही चहात साखर घालताना चमचा टेबलाच्या कडेला समांतर धरतात.

माझा कॅफे दोन खोल्यांचा. आधी तिथे सायकली दुरुस्त व्हायच्या, त्यामुळे समोरच्या भिंतीवर तेलाचे असे डाग की कुठलाच रंग धरेना. शेवटी वैतागून मी त्यावर सात फूट रुंद नि पाच फूट उंच फळा ठोकला आणि माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलं, चहा, कॉफी, टोस्ट. वहिनी आली, फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फडकं घेऊन सगळं पुसून टाकलं. मग खिशातून खडू काढून एक टोस्ट काढला. नुसता टोस्ट हो! कडा जराशा करपलेल्या, वर लोण्याचा तुकडा अर्धवट वितळलेला. दहा मिनिटांत तीन टेबलांवरून टोस्टची मागणी आली. तेव्हापासून सहा वर्षं, रोज सकाळी एक नवं चित्र. लोक दारातून मान आत घालून विचारतात, “आज काय?” त्यांना चहा-कॉफी नको असते, फळा बघायचा असतो.

आणि संध्याकाळी सात वाजता फळा पुसायचा. ही रीत आप्पांनी पाडली. पहिल्याच दिवशी ते शेवटपर्यंत बसले होते. वर्ग सोडताना फळा स्वच्छ करून जायचं ही त्यांची जन्माची सवय. उठले, फडकं ओलं केलं, पुसला. दुसऱ्या दिवशी जो शेवटी राहिला त्यानं पुसला. मग तो मानच होऊन बसला, शेवटचा घोट ज्याचा, फळा त्याचा. आमचे पोस्टमन तर त्यासाठी थंड झालेली कॉफी अर्धा अर्धा तास चोखत बसतात. वहिनीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उद्याला जागा नको का, म्हणायची. आप्पा मात्र सहा वर्षांत तिच्या चित्राबद्दल चांगलं अक्षर बोलले असतील तर शपथ. फार तर म्हणायचे, “आज काय वेलबुट्टी काढलीय?” मला असा राग यायचा!

आता मुद्द्यावर येते. आमच्या गावात दगड भिरकावला तर एखाद्या कलावंताला लागेल. पुलाजवळच्या कॅफेत तैलचित्रवाले बसतात, वाचनालयाखालच्या कॅफेत कवी, आणि मातीकाम करणाऱ्या बाईंच्या कॅफेत कपसुद्धा त्यांच्याच हातचे. चौथा कॅफे माझा. दर वर्षी कलामंडळ आठ दिवसांची चित्रफेरी भरवतं. कुठल्या कॅफेत कुणाचं काम आहे याचा नकाशा छापतात आणि तो हातात घेऊन लोक एका कॅफेतून दुसऱ्या कॅफेत हिंडतात. गेल्या वर्षीच्या नकाशात माझ्या कॅफेपुढे काय छापलं होतं सांगू? ‘चहा-कॉफीची सोय.’ बस! चित्रकारांच्या यादीत वहिनीचं नावच नाही!

माझ्या मस्तकात तिडीक गेली. तडक मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. हे अध्यक्ष घरातसुद्धा काळा चष्मा उतरवत नाहीत, म्हणून सगळे त्यांना गॉगल म्हणतात. तर गॉगल म्हणाले, “ताई, जे संध्याकाळी पुसलं जातं त्याला चित्र कसं म्हणायचं? ती सजावट झाली.” मी त्यांना काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. वहिनीनं पुढचे तीन दिवस फळ्यावर एकच रिकामा कप काढला. मधोमध, बाकी सगळा काळा. तेव्हा मला कळलं की हिच्या जिव्हारी लागलंय. तिला त्या यादीत नाव हवं होतं. बोलून दाखवलं नाही म्हणून काय झालं? मला एखादी गोष्ट हवी असते तसंच हवं होतं, अगदी कडकडून.

मग वर्षभर मी मंडळाच्या डोक्यावर बसले. शेवटी मातीकामाच्या बाईंनी माझी बाजू घेतली आणि गॉगल एका अटीवर कबूल झाले. काम आठ दिवस टिकलं पाहिजे. त्यालाही उपाय होता. खडू पक्का करायचा फवारा मिळतो, बाटली खळखळ हलवून मारायचा. फक्त त्याचा वास इतका उग्र की गिऱ्हाईक पळून जाईल. म्हणून ठरलं, फेरी सुरू होण्याच्या दिवशी पहाटे खिडक्या सताड उघडायच्या आणि मारायचा. दहा वाजता मंडळी बघायला येणार, तोवर वास गेलेला असेल.

आणि वहिनीनं चित्र काय काढलं म्हणता! तीन दिवस स्टुलावरून उतरली नाही. आमच्याच कॅफेची खोली, आणि तीत आमची रोजची चौदा गिऱ्हाईकं, सगळीच्या सगळी पाठमोरी. एकाचाही चेहरा नाही. आणि तरी प्रत्येकानं स्वतःला ओळखलं! पोस्टमन म्हणाले, “हा झुकलेला खांदा माझा.” फुलवाली मावशी म्हणाली, “अगं बया, माझा अंबाडा असा सुटतो होय?” विणकाम करणाऱ्या दोघी बहिणी कोण कुठली यावरून भांडल्या. दाताचे डॉक्टर तर येईल-जाईल त्याला हात धरून फळ्यापाशी नेत होते. “बघा, हे टक्कल माझं!” इतक्या अभिमानानं टक्कल मिरवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी पहिल्याच दिवशी एकेकाला बजावलं होतं, फेरी संपेपर्यंत फळ्याला हात लावायचा नाही. सगळ्यांना बजावलं. फक्त आप्पांना नाही, कारण ते चार दिवस आत्याकडे गेले होते.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी ते परतले ते बॅग घेऊन थेट कॅफेतच. वहिनी नुकतीच अंघोळीला घरी गेली होती, खडूनं पांढरीफटक झाली होती. गिऱ्हाईकं उठली होती. मी आप्पांना चहा दिला, “कशी आहे आत्या?” विचारलं, आणि मागच्या दारी दुधाची गाडी आली म्हणून तिकडे धावले. दहा मिनिटं. फार तर बारा. परत आले तर आप्पा फडकं पिळत उभे, आणि त्यांच्या मागे फळा. काळा कुळकुळीत. ओला.

माझा आवाज असा फुटला की समोरच्या इस्त्रीवाल्याची इस्त्री हातातून सुटली.

“आप्पा! काय केलंत हे!”

“काय केलं? पुसला. सात वाजले.”

“अहो, पण तुम्ही बघितलं नाहीत का काय होतं ते?”

“बघितलं की,” आप्पा म्हणाले. “चांगलं पाच मिनिटं बघितलं. बरं जमलं होतं आज.”

सहा वर्षांत पहिल्यांदा ‘बरं जमलं’ म्हणाले, तेही पुसून झाल्यावर! मी रडू की हसू? मी ओरडले. तीन दिवस, यादी, नकाशा, फवारा, सगळं त्यांच्या अंगावर ओतलं. एकेक गोष्ट ऐकताना ते खाली खाली बसत गेले. शेवटी खुर्चीवर टेकले तेव्हा फडकं त्यांच्या मांडीवर होतं आणि पँट भिजत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. चूक माझी होती. एक वाक्य बोलायचं होतं मला, आणि मी आत्याची तब्येत विचारत बसले.

तेवढ्यात वहिनी आली. ओले केस, कडक इस्त्रीचा पोशाख. फळा बघितला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मी डोळ्यांनी पाहिला. आणि तिनं काय विचारलं असेल?

“ओल्या फडक्यानं की कोरड्या?”

कोरड्यानं पुसलं तर रेघांचा माग राहतो, त्यावरून परत काढता येतं. आप्पांना मान वर करवेना. “ओल्या,” ते म्हणाले. “दोनदा.”

वहिनी बाकावर बसली. मग उठून घरी गेली. मला वाटलं, संपलं.

रात्र कशी काढली ते विचारू नका. पहाटे पाचला कुलूप उघडायला गेले तर पायरीवर वहिनी बसलेली, मांडीवर खडूंचा डबा. आणि तिच्या शेजारी हातभर अंतर सोडून आप्पा. वहिनी मला म्हणाली, “पाच तास आहेत. माणसं मी काढीन, ती माझ्या हातात आहेत. पण खोली राहिली. फरशा, टेबलं, खिडक्या. त्यातच दीड दिवस गेला होता माझा.”

आप्पांनी घसा खाकरला. “फरशी मी काढतो.”

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे बघितलं.

“चाळीस वर्षं हातानं वर्तुळ काढलंय मी फळ्यावर. कंपास लागला नाही कधी. गोल टेबल तिरकं दिसलं की त्याचं लंबवर्तुळ होतं, ते मला शिकवू नका. कुठून बघायचं तेवढं सांग. मी रेघा ओढतो.”

आणि अहो, ओढल्या! बाही सरसावून हा माणूस फळ्यासमोर उभा राहिला आणि एका दमात सगळ्या फरशीच्या रेघा लांबच्या एका बिंदूकडे नेल्या. टेबल एक, टेबल दोन, टेबल तीन, एकालाही पोक नाही. वहिनी स्टुलावर चढून वरून माणसं उतरवायला लागली, आप्पा खालून खोली उभारायला लागले. “आप्पा, ही खुर्ची जरा सरकवा.” “किती?” “चार बोटं.” “बोटं कुणाची? माप सांग!” मी दोघांना चहा देत होते नि मध्ये मध्ये लुडबुडत होते, म्हणून दोघांनी मिळून मला बाहेर काढलं.

बाहेर काढलं ते बरंच झालं. इस्त्रीवाल्यानं सगळीकडे बातमी पोचवली होती. सहा वाजता पोस्टमन आले. पिशवी खांद्याला, कामावर जायच्या आधी. दारातून आत बघितलं आणि म्हणाले, “वहिनी, मी माझ्या जागेवर बसतो. पाठ करून. समोर दिसलं की हात भरभर चालेल.” आणि बसले! मग फुलवाली मावशी टोपली बाहेर ठेवून आली नि बसली. विणकामवाल्या बहिणी सुयांसकट आल्या. दाताचे डॉक्टर अर्धी दाढी झालेली घेऊन धावत आले, “माझ्या टकलाला उजेड इकडून हवा ना?” साडेआठपर्यंत चौदाच्या चौदा माणसं आपापल्या जागी, सगळी फळ्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून. कुणी हलेना. बोलणंसुद्धा मान न वळवता. रस्त्यावर ही गर्दी! मी दारात उभी राहून येईल त्याला सांगत होते, आत माझी वहिनी चित्र काढतेय, माझी वहिनी!

बरोबर दहाला गॉगल आले, मागे मातीकामाच्या बाई आणि मंडळाची चार माणसं. दारातच थबकले. चौदा माणसं रांगेनं त्यांच्याकडे रोखून बघत बसलेली. त्यांना वाटलं मोर्चा आहे. “हे काय? निषेध वगैरे?”

“निषेध नाही, मॉडेल आहोत,” डॉक्टर ओठ न हलवता म्हणाले. “बाजूला सरका, उजेड अडतोय.”

गॉगल बाजूनं वाट काढत फळ्यापर्यंत गेले. चित्र पूर्ण नव्हतं. उजवीकडचा एक कोपरा अजून काळाच होता. पण जे होतं ते कालच्यापेक्षा जिवंत होतं, देवाशपथ सांगते. कालची माणसं आठवणीतली होती. ही श्वास घेत होती. गॉगल बघतच राहिले. मग त्यांनी काळा चष्मा काढला. त्यांचे डोळे घारे आहेत हे त्या दिवशी कळलं आम्हाला.

“उत्तम,” ते म्हणाले. “फारच उत्तम. कोपरा झाला की फवारा मारा, म्हणजे आठ दिवस…”

बाटली काउंटरवरच होती. वहिनी स्टुलावरून उतरली, बाटली उचलली, आणि त्यांच्या हातात दिली.

“नाही मारायचा.”

मी म्हटलं, मेले! इतकं करून आता हिच्या डोक्यात काय शिरलं?

“आज संध्याकाळी हे पुसायचं,” वहिनी म्हणाली. “उद्या नवं. परवा नवं. आठ दिवसांत आठ चित्रं काढीन. काल मला वाटलं होतं, पुसलं म्हणजे संपलं. पण पहाटेपासून हात नुसता पळतोय माझा. मला टिकवायचं नाहीये हे. मला हे असंच करायचंय आणि असंच यादीत यायचंय. नसेल चालत तर सांगा.”

बारा वर्षांत इतकं लांब बोललेली मी तिला ऐकलं नव्हतं.

“पण नियम…” गॉगल पुटपुटले.

“नियम केला कशासाठी? भिंत आठ दिवस रिकामी राहायला नको म्हणूनच ना?” मातीकामाच्या बाई म्हणाल्या. “कुठे राहतेय रिकामी? तुम्ही आठ दिवस एकच दाखवता, ती आठ दाखवेल.”

“लवकर ठरवा,” पोस्टमन म्हणाले, “माझी मान आखडलीय.”

गॉगल हातातल्या बाटलीकडे बघत होते. मग त्या काळ्या कोपऱ्याकडे बघायला लागले. मग हळूच, अगदी शाळेतल्या मुलासारखं त्यांनी वहिनीला विचारलं, “इथे कुणी बसणार आहे का?”

“नाही ठरलं अजून.”

त्यांनी माझ्याकडून एक खुर्ची मागून घेतली, नेमकी त्या कोपऱ्यासमोर लावली, आणि फळ्याकडे पाठ करून बसले. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मीच सगळ्यात जोरात वाजवल्या, हाताला मुंग्या आल्या. मंडळाच्या माणसानं तिथल्या तिथे कार्ड लिहिलं आणि फळ्याच्या बाजूला लावलं. माध्यम, खडू. वेळ, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. आणि वर चित्रकाराचं नाव.

दिवसभर माणसांची रीघ. बाकीच्या तीन कॅफेतले कलावंतसुद्धा आले. कवींनी तर उभ्यानं कॉफी प्यायली. मी पाय दुखतात हे विसरले होते.

आणि संध्याकाळी पावणेसातला गंमत सुरू झाली. शेवटचा घोट कुणाला नको! जो तो कप रिकामा करून सटकायला लागला. पोस्टमन, जे एरवी त्या मानासाठी जीव टाकतात, तेच सगळ्यांत आधी पळाले. आप्पा तेवढे राहिले. त्यांनी एक चहा मागवला. तो संपत आला तसा दुसरा मागवला. मग तिसरा. सात वाजून गेले. वीस मिनिटं झाली.

“आप्पा, बंद करायचंय मला,” मी म्हटलं.

“पितोय ना!” ते माझ्यावर खेकसले. फडकं समोर टेबलावर होतं. त्याला हात लागत नव्हता त्यांचा. चाळीस वर्षांत किती फळे पुसले असतील या माणसानं, आणि आज हात उचलत नव्हता.

शेवटी वहिनी त्यांच्यासमोर येऊन बसली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं. माझ्या आप्पांनी आजवर घरात कुणाची परवानगी मागितलेली मला माहीत नाही. आईची नाही, दादाची नाही, माझी तर नाहीच नाही.

“पुसू का?” त्यांनी विचारलं.

वहिनीचे डोळे भरून आले. “थांबा जरा,” ती म्हणाली. फळ्याशी गेली, अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात वाकली, आणि खडूनं आपलं नाव लिहिलं. सहा वर्षांत तिनं कुठल्याच चित्राखाली नाव घातलं नव्हतं, आणि मला मेलीला ते कधी सुचलंही नव्हतं. पूर्ण नाव लिहिलं, तिचं स्वतःचं. मग हात झटकले. “आता पुसा.”

आप्पा उठले. डावीकडून सुरुवात केली. त्यांनीच ओढलेली फरशी गेली, टेबलं गेली, डॉक्टर गेले, फुलवाली मावशी गेली, गॉगल गेले. नावापाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. फडकं त्यांनी माझ्याकडे फेकलं, वहिनीपुढे हात केला आणि खडू मागितला.

नावाभोवती त्यांनी चौकट आखली, पट्टी न लावता, चारही कोन काटकोनात. आणि खाली आपल्या मास्तरी, गोल, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पुसू नये.’